कागद नाही, असं मशीनचं म्हणणं

दैनिकात बावीस वर्षं उपसंपादकी केल्यामुळे मला पहिल्या वाक्यात बातमी सांगून टाकायची सवय आहे. बातमी अशी : जानेवारी १९९८मध्ये सुरतेत, लिंबायतच्या अलीकडच्या आमच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत बसून मी संगणकाच्या कर्नलमधल्या चार ओळी बदलल्या. कर्नल म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभारा. तिथे सहसा पुजाऱ्याशिवाय कोणाला प्रवेश नसतो. मी गेलो, आणि देव न बाटवता बाहेर आलो. मधल्या काळात देव चारदा अडला, हेही नोंदवून ठेवतो. माझ्या धंद्यात दुसरी बाजू द्यावी लागते.

सुरुवात एका परिपत्रकाने झाली. माझी पत्नी सुधा मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. तिच्या दहावीच्या वर्गात त्या वर्षी अडतीस मुलं होती, बहुतेक सगळी यंत्रमागावर आणि पांडेसऱ्याच्या रंगाईच्या कारखान्यांत काम करणाऱ्या खानदेशी घरांतली. पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका शिक्षक दरवर्षी स्टेन्सिलवर हाताने लिहीत आणि शिपाई किसन त्या सायक्लोस्टाइलवर फिरवून काढी. डिसेंबरात शिक्षण खात्याच्या कचेरीतून कागद आला की यंदापासून हस्तलिखित प्रश्नपत्रिका चालणार नाहीत, टंकलिखितच हव्यात. ज्या शाळेला ते जमणार नाही तिथल्या मुलांनी कचेरीने छापलेल्या गुजराती प्रश्नपत्रिकेवर परीक्षा द्यावी.

सुरतेत गुजराती टायपिंगची दुकानं गल्लोगल्ली होती. मराठी टाइपरायटर शोधत सुधा आठ दिवस हिंडली; माझ्या दैनिकाच्या छापखान्यात बाहेरच्या कामाला सक्त मनाई होती. मग ती मलाही घेऊन कचेरीत गेली. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा पाजला आणि शांतपणे मार्ग सांगितला.

"बेन, एमां शुं मोटी वात छे? गुजराती मशीन पर टाइप करावो. पछी उपर फूटपट्टीथी लीटी दोरी नाखो. मराठी थई गयुं."

सुधाने घरी येऊन खरोखरच एक ओळ करून पाहिली. तिचा स्वभाव प्रयोग करून मगच नाही म्हणण्याचा आहे. गुजराती 'ज'वर तुम्ही कितीही सरळ रेघ मारा, तो 'ज' होत नाही. तो दोरीवर वाळत घातलेला गुजराती 'ज' होतो.

"माझ्या वर्गातली तारा भूमितीत पहिली येते," सुधा म्हणाली. "तिला गुजराती बोलता येतं, वाचता येतं. पण 'त्रिज्या' म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे वर्तुळ येतं. 'ત્રિજ્યા' वाचलं की आधी अक्षर येतं, मग विचार, मग वर्तुळ. तेवढ्यात घंटा होते."

हे ऐकून मी एक वाक्य बोललो. वाक्य असं होतं : "मराठी प्रश्नपत्रिका मी छापून देतो." दुसऱ्या दिवशी सुधाने ते वाक्य शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, मुख्याध्यापिका शोभाबाईंनी कचेरीला लेखी कळवलं, आणि मी माझ्याच घरात लेखी झालो.

माझ्या वाक्याला आधार नव्हता असं नाही. आमचा मुलगा हर्षल बडोद्याला इंजिनीयरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने घरच्या संगणकावरचं सगळं पुसून एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरची लिनक्स ही संगणकप्रणाली घातली होती. त्याच सुट्टीत त्याने आईच्या आलेख कागदावर टिंबाटिंबांनी सगळी देवनागरी अक्षरं काढली आणि ती प्रिंटरकडे पाठवणारा प्रोग्रॅम लिहिला. म्हणजे अक्षरं होती. फक्त प्रिंटर नव्हता.

प्रिंटर वरच्या मजल्यावरच्या भूपेंद्रभाईंकडे होता. त्यांची कापड बाजारात दलाली आहे. रुंद, करड्या रंगाचा, टायपांच्या जागी सुया मारणारा तो प्रिंटर त्यांच्या घरातल्याच पेढीत बिलं आणि कापडाच्या नमुन्यांवरच्या पट्ट्या छापायचा. पंधरा दिवसांसाठी तो द्यायला ते आनंदाने तयार झाले. अट एकच होती.

"खोलवानुं नहीं, दिलीपभाई. एक स्क्रू पण नहीं. त्रण वरसथी एक दिवस अटक्युं नथी. चालती मशीनने हाथ नहीं लगाडवानो."

मी शब्द दिला. मला शब्द देण्याची खोड आहे, हे एव्हाना वाचकांच्या लक्षात आलं असेल.

प्रिंटर खाली आणायला चौघे लागले आणि जोडायला एक मिनिट. सुधाने गणिताचा पहिला प्रश्न टाइप केला, मी कागद लावला, हर्षलने जाताना लिहून ठेवलेल्या चिठ्ठीप्रमाणे आज्ञा दिली. प्रिंटरने मान हलवली नाही. पडद्यावर मात्र इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ : प्रिंटरमध्ये कागद नाही.

कागद होता. मी तो काढला आणि पुन्हा लावला. कागद नाही. जाड कागद लावला. कागद नाही. हा अनुभव मला नवा नव्हता. अर्ज टेबलावर असताना "अरजी मळी नथी" म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. पण ती माणसं पगारी होती.

बातमी सोसायटीत पसरायला दुपार पुरली. भूपेंद्रभाई स्वतः आले, प्रिंटरच्या पाठीवर दोनदा थोपटून म्हणाले, "मारे त्यां तो दोडे छे." म्हणजे दोष घराचा. त्यांच्या पत्नी वर्षाबेन यांनी तो दक्षिणेकडे तोंड करून ठेवल्याचं निदर्शनास आणलं. आम्ही तो फिरवला. आता तो पूर्वेकडे तोंड करून कागद नाही म्हणू लागला. खालच्या सरलाबाईंनी कागदाचा गठ्ठा बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, "हा कागद दमट आहे. तव्यावर फिरवून घ्या जरा, पापडासारखा." या सूचनेची अंमलबजावणी झाली की नाही, हे मी सांगणार नाही. कडा किंचित तांबूस झालेले चार कागद आमच्या घरात पुढे बरेच दिवस होते, एवढं सांगतो.

रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून हर्षलच्या वसतिगृहात फोन लावला. त्याला बोलावून आणेपर्यंत मीटरवरचे आकडे माझ्या नाडीच्या वेगाने पळत होते.

"पप्पा, कागद आहे की नाही हे ड्रायव्हर ठरवतो."

"कोण ड्रायव्हर?"

"प्रिंटरचा. म्हणजे कर्नलचाच एक भाग. सीमध्ये लिहिलेली फाइल असते. पण तुम्ही हात लावू नका. मी फेब्रुवारीत येतो ना."

"परीक्षा एकोणीस जानेवारीला आहे."

"मग कोणाकडून तरी लिहून घ्या हाताने." जरा थांबून तो म्हणाला, "पप्पा, ते तुम्हाला नाही जमणार. मम्मीला द्या फोन."

मी फोन दिला. सुधाने माझ्याकडे पाठ करून दीड पान आज्ञा उतरवून घेतल्या. मी बूथच्या काचेतून रस्त्यावरच्या रिक्षा मोजत उभा राहिलो. अकरा मोजल्या. माणसाने दोन राज्य सरकारं पडल्याच्या बातम्या पान बंद व्हायच्या आत अचूक लावलेल्या असाव्यात, आणि त्याच्या मुलाने म्हणावं, मम्मीला द्या.

त्या दिवशी संध्याकाळी लोटू आप्पा आले. ते ताराचे आजोबा. एकतीस वर्षं मागावर होते, शेवटची बारा फिटर म्हणून. आता गुडघ्यांमुळे घरी असतात, पण कोणाचंही काहीही बंद पडलं की त्यांना बरं वाटतं.

"तारा सांगे, बाईस्ना घर मशीन अडकनं शे." ते चप्पल काढून आत आले आणि प्रिंटरसमोर मांडी घालून बसले. "कागद शे?"

"आहे."

"मशीन काय म्हनस?"

"नाही म्हणतं."

"मंग खोटं बोलस."

"मशीन खोटं बोलत नाही, आप्पा," मी म्हणालो. मला हर्षलचं पुस्तकी वाक्य आठवलं होतं.

"मशीन नही बोलस. मानूस बोलाडस." त्यांनी कान प्रिंटरच्या कुशीला लावला. "आमना मागावर धागा तुटना का मशीन आपोआप उभं ऱ्हास. धागावर पत्रानी बारीक पट्टी ऱ्हास. धागा तुटना, पट्टी पडनी, माग बंद. शेठले ते परवडस का? घडी घडी माग बंद पडना तर कापडनं मीटर कसं व्हई? मंग आम्ही काय करतस, ती पट्टीच बांधी टाकतस. धागा तुटो नही तर मानूस तुटो, माग चालू." त्यांनी मान वर केली. "हाई मशीन बी शेठनं शे ना? मंग यानी बी पट्टी कोनीतरी बांधेल शे. इचारा त्यासले."

मी वर गेलो आणि विचारलं. भूपेंद्रभाईंना आठवायला वेळ लागला नाही. नमुन्यांच्या पट्ट्या कापडाच्या. त्या प्रिंटरला कागद वाटत नसत आणि तो दर पट्टीला थांबून शिट्टी मारी. पंच्याण्णव साली त्यांच्या मेकॅनिकने पेटी उघडली, आतली कागद ओळखणारी कळ बांधून टाकली आणि ती बातमी संगणकाकडे नेणारी तार कापली. तेव्हापासून प्रिंटर कधी थांबला नव्हता. पेढीचा जुना बिलाचा प्रोग्रॅम कागद आहे का हे कधी विचारतच नसे. आमचं लिनक्स मात्र प्रत्येक वेळी अदबीने विचारत होतं, कापलेल्या तारेतून काहीच उत्तर येत नव्हतं, आणि काहीच नाही याचा अर्थ ते कागद नाही असा लावत होतं.

"मग ती तार जोडू या," मी म्हणालो.

भूपेंद्रभाईंनी कान पकडले. "दिलीपभाई, तमे वचन आप्युं छे."

तेव्हा पेटी उघडायची नाही. तार जोडायची नाही. माणूस बदलत नाही, मशीन बदलत नाही, तर नियम बदलायला हवा. आणि नियम कर्नलमध्ये होता.

फाइल सुमारे सहाशे ओळींची होती. मला सी ही संगणकाची भाषा येत नव्हती, पण मला नाशिकच्या साखर कारखान्याचा ताळेबंदही येत नाही आणि त्यावर मी पानभर मजकूर निर्दोष लावलेला आहे. मजकूर समजावा लागत नाही. तो कुठे अडतो ते समजावं लागतं. मी लाल पेन घेतलं आणि पडद्यावरची फाइल एका वहीत हाताने उतरवून काढली. सुधा म्हणाली, "अहो, वाचता येते ना पडद्यावर." पण कागदाशिवाय मला चूक दिसत नाही. दोन दिवस ऑफिसला जाण्यापूर्वी आणि आल्यावर मी तेच करत होतो. तिसऱ्या दिवशी सापडलं. मध्यावर चार ओळी होत्या. प्रिंटरची स्थिती विचारा, कागद नसेल तर पडद्यावर तक्रार करा, काम थांबवा, परत फिरा. मी त्या चार ओळींना तांबडा कंस घातला. इतक्या वर्षांत इतका समाधानाचा कंस मी घातला नव्हता.

कर्नल बदलला की तो पुन्हा बांधून काढावा लागतो. हर्षलच्या यादीतली पहिली आज्ञा होती, आधीचं सगळं पुसा. ती मी दर वेळी इमानाने पाळली. बांधकामाला दोन तास चाळीस मिनिटं लागत. पडद्यावरून ओळी सरकत राहत आणि आम्ही दोघं शेगडीवर दूध ठेवल्यासारखे समोर बसून राहत असू. पहिल्या बांधकामाच्या अखेरीस पडद्यावर आलं : यंत्रणा फार मोठी झाली आहे.

हे वाक्य वाचून मला आनंद झाला. माझ्या धंद्यातली ही एकच अडचण आहे जिच्यावर मी रोज उपाय करतो. मजकूर जास्त, जागा कमी. मी कापायला बसलो.

आधी अलंकार काढायचे असतात. फाइलमध्ये जागोजागी लिहिणाऱ्यांनी आपापली नावं, तारखा, कोणाचे तरी आभार आणि थट्टामस्करी लिहून ठेवली होती. मी ती सगळी उडवली. पुन्हा बांधकाम, पुन्हा दोन तास चाळीस मिनिटं. यंत्रणा फार मोठी झाली आहे. एका अक्षराचाही फरक नाही. ही नावं आणि आभार माणसांसाठी असतात, संगणक ती वाचतच नाही, हे मला नंतर कळलं. म्हणजे तो थेट बातमीकडे जातो. त्याच्याविषयी माझा आदर वाढला.

मग मी दुसरा नियम लावला. तो नियम धंद्यात आलेल्या पोरालाही पहिल्या दिवशी सांगतात : बातमी खालून कापायची. महत्त्वाचं वर, किरकोळ खाली. जागा नसेल तर डोळे मिटून शेवटचे दोन परिच्छेद उडवा, वाचकाचं काही बिघडत नाही. मी फाइलच्या शेवटच्या पन्नास ओळी उडवल्या आणि आज्ञा दिली.

तो चौदा जानेवारीचा दिवस होता. उत्तरायण. अख्खी सुरत पतंग घेऊन गच्चीवर होती आणि आम्ही दोघं बंद खिडकीत. वरून 'काप्यो छे' च्या आरोळ्या येत होत्या. मलाही मी काहीतरी कापल्याचा अभिमान वाटत होता. दोन तास झाल्यावर कोणाचा तरी तुटलेला पतंग विजेच्या तारांवर पडला, त्याच्या मांज्याला कोणीतरी हिसका दिला, खांबावर ठिणगी उडाली आणि गल्लीची वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून. सरलाबाई ताटलीत उंधियु घेऊन आल्या, काळ्या पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "झालं का छापून?" मी म्हणालो, "अंतिम टप्प्यात आहे." हे वाक्य मी सरकारी प्रवक्त्यांकडून शिकलो.

वीज आली, बांधकाम पुन्हा शेवटापर्यंत गेलं आणि या वेळी वेगळंच संकट उभं राहिलं. संगणक एका गोष्टीचं नाव घेऊन विचारत होता, ही कुठे आहे? तिच्याशिवाय मी प्रिंटर सुरूच करू शकत नाही.

सुधाने वही ओढून घेतली. तिने शेवटचं पान पाहिलं, मग पडदा, मग मला.

"अहो, हे खालचं कुठे गेलं?"

"किरकोळ होतं."

"प्रिंटर चालू करायची सुरुवातच खाली आहे. वरचं सगळं त्याची तयारी आहे." ती एवढी शांतपणे बोलत होती की मला तिच्या विद्यार्थ्यांची दया आली. "गणितात उत्तर शेवटी असतं. तुम्ही उत्तर कापलंत."

शेजारच्या गच्चीवर कोणीतरी थाळी वाजवत होतं.

"आणि हे 'यंत्रणा फार मोठी' येत होतं, त्याच्यापुढे अजून एक वाक्य आहे. ते वाचलंत का?"

मी पहिलं वाक्य वाचून मथळा ठरवतो. बावीस वर्षं हेच केलं आहे. तिने मला दुसरं वाक्य वाचून दाखवलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : अमुक आज्ञेऐवजी तमुक आज्ञा देऊन पाहा. मोठ्या यंत्रणेसाठी मोठी पिशवी होती. ती मागायची होती, एवढंच.

सुधाने सीडीवरून मूळ फाइल परत आणली. नावं, आभार, थट्टा, शेवटच्या पन्नास ओळी, सगळं जागच्या जागी. मग खुर्चीतून उठून म्हणाली, "बसा. तुमच्या चार ओळी तुम्ही काढा."

तिला स्वतःला त्या काढता आल्या असत्या. ती उठली, हे मी विसरणार नाही.

मी चार ओळी काढल्या आणि त्यांच्या जागी, त्या फाइलच्या रिवाजाप्रमाणे, इंग्रजीत एक टीप लिहिली : कागद नसल्याची तक्रार बंद केली आहे, कारण तार कापलेली आहे, दिलीप नेहेते, सुरत, जानेवारी १९९८. संगणक ती वाचणार नाही हे माहीत असूनही लिहिली. कारणं द्यायची असतात.

सोळा तारखेला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नवा कर्नल सुरू झाला. मी आज्ञा दिली. करड्या पेटीने एक उसासा टाकला, सुया एका टोकाला गेल्या, आणि मग तो आवाज आला. पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा. कागद एकेक बोट वर सरकू लागला आणि त्यावर आली ती टिंबाटिंबांची, रेघेला टांगलेली, स्वच्छ मराठी : 'प्रश्न १. त्रिज्या ७ सेमी असलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा.' सुधा ओठांतल्या ओठांत वाचत गेली. मी खिडकी उघडली. सोसायटीला प्रिंटरचा आवाज जाऊ देण्यात माझा काही हेतू नव्हता, असं मी त्या वेळी सगळ्यांना सांगितलं.

आनंद दोन पानं टिकला. तिसऱ्या, इतिहासाच्या पानाच्या मध्यावर कागद खरोखर संपला. पण कागद नसल्याची तक्रार करायला मी बंदी घातलेली होती. प्रिंटरने इतिहासाचे नऊ प्रश्न थेट काळ्या रबरी रुळावर छापले, त्याच शांतपणे, त्याच वेगाने. पुढच्या चार कागदांच्या पाठीवर शिवाजी महाराजांच्या राज्यकारभाराविषयीचा प्रश्न उलट्या अक्षरांत उमटला.

लोटू आप्पांना बोलावणं गेलं. त्यांनी रूळ पाहिला आणि ते खूप हसले. दम लागेपर्यंत हसले.

"पट्टी बांधी का मंग मानूसले उभं ऱ्हाणं पडस, साहेब. आमी काय मागावर बसी ऱ्हायनूत का? येक येक मानूस बारा बारा माग दखस." ते रॉकेलच्या बोळ्याने रूळ पुसत म्हणाले, "सरका तिकडे."

दोन दिवस ते प्रिंटरपाशी स्टुलावर बसले. शाईची फीत काढून टाकली होती, कारण आता सुयांनी मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरं टोचायची होती. आप्पांचा एक हात प्रिंटर थांबवायच्या बटणावर आणि नजर स्टेन्सिलच्या खालच्या कडेवर असायची. कडा दिसली की बटण. सात विषय, एकोणीस स्टेन्सिली. एकही फाटली नाही. मधूनच ते डोळे मिटत. मला वाटे, डुलकी लागली. पण कडा आली की बोट आपोआप खाली. ते आवाज ऐकत होते. शेवटच्या चार बोटांत आवाज बदलतो म्हणाले. मी खूप प्रयत्न केला, मला बदललेला ऐकू आला नाही.

तारा दोनदा आजोबांचा डबा घेऊन आली. दोन्ही वेळा सुधाने तिला दारातच अडवलं, डबा घेतला आणि परत पाठवलं. प्रश्नपत्रिकेची गोपनीयता. आप्पांनीही नातीला आत काय चाललं आहे ते सांगितलं नाही. विचारलं तर म्हणत, "माले वाचता येस का?" त्यांना येत होतं. चांगलं येत होतं.

एकोणीस तारखेला, सोमवारी, कचेरीतले साहेब जातीने शाळेत आले. शोभाबाईंनी त्यांना प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा दाखवला. किसनने सायक्लोस्टाइल उत्तम चालवली होती, बोटांना शाई लागली होती ती त्याने मुद्दाम धुतली नव्हती. साहेबांनी एक प्रश्नपत्रिका उजेडात धरली. रेघेवर बोट फिरवलं. कोणी फूटपट्टीने मारली आहे का, हे ते पाहत होते, असा माझा कयास आहे.

"आ क्यां छपाव्युं?"

"घरी," सुधा म्हणाली.

"घरे? क्या मशीन पर?"

मी पुढे झालो आणि सांगायला लागलो. कर्नल, ड्रायव्हर, कापलेली तार. साहेबांनी तिसऱ्या वाक्याला हात वर केला. "सारुं, सारुं. टाइप थयेलुं छे ने, बस." त्यांनी सही केली. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी तिसऱ्या वाक्यात कापली गेली. खालून कापायचा नियम सगळीकडे असतो.

अकराला घंटा झाली. मी व्हरांड्यात उभा होतो. हातात घड्याळ धरून, कारण वेळ नोंदवल्याशिवाय मला राहवत नाही. सुधाने सांगितलं होतं की दरवर्षी पहिली दहा मिनिटं जातात ती हात वर करण्यात. ताई, हे काय लिहिलंय? ताई, हा सहा की नऊ? ताई, इथलं पुसट आलंय. अकरा वाजून एक मिनिट. अकरा दोन. खोलीत अडतीस माना खाली होत्या. अकरा वाजून अकरा मिनिटं झाली तरी एकही हात वर नव्हता. दुसऱ्या बाकावर तारा कंपासने वर्तुळ काढत होती, जीभ दातांत धरून. सुधा फळ्यापाशी रिकाम्या हातांनी उभी होती. तिला काही कामच उरलं नव्हतं. तिने दारातून माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पदराने पुसला. चष्मा स्वच्छ होता.

त्या क्षणी मला माझा जो अभिमान वाटला त्याचं वर्णन मी करत नाही. फार लांबेल.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तेव्हा पुढच्या खोलीत एक अनोळखी गृहस्थ बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर पुठ्ठ्याची फाइल. सुधाने ओळख करून दिली. ते उडिया माध्यमाच्या शाळेत सातवीला शिकवत. त्यांच्याकडेही तेच परिपत्रक आलेलं होतं, आणि साहेबांनी त्यांना आमचा पत्ता दिला होता.

त्यांनी फाइल उघडली. आत हाताने लिहिलेली गोल गोल, टपोरी अक्षरं होती. ओळीच्या ओळी. आलेख कागदावर एकेक अक्षर टिंबांनी काढावं लागेल, हे मला दिसत होतं. किती अक्षरं, किती जोडाक्षरं, काहीच कल्पना नव्हती. मला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं.

"बच्चे कितने हैं?" मी विचारलं.

"उनतीस. सब के बाप लूम पर हैं." मग जरा संकोचून म्हणाले, "आप उडिया जानते हैं?"

"नहीं."

आतून सुधा आलेख कागदाचं नवं कोरं पॅड आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली घेऊन बाहेर आली. तिने एक पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली, एक माझ्यापुढे. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि गृहस्थांना टेबलाजवळ खुर्ची दिली.

"छापून देतो," मी म्हणालो. "प्रूफं मात्र तुम्ही वाचायची."